छोटा रोबो व्हॅक्यूम, पण केराचा डबा मोठा: जागा काढायची कुठून?

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज इथे टाकतो, यंत्रं उघडून बघणारे लोक इथे आहेत म्हणून.

आई सांगलीला एकटी असते, वय ७२, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. दोन वर्षांपूर्वी तिला रोबो व्हॅक्यूम घेऊन दिला. फरशी चांगली काढतो, पण डबा एक दिवसाआड भरतो. म्हणजे दर दुसऱ्या दिवशी वाकायचं, झाकण उघडायचं, डबा ओढून काढायचा, बादलीत आपटायचा आणि निम्मी धूळ परत नाकातोंडात. ज्या वाकण्यातून सुटका व्हावी म्हणून यंत्र आणलं तेच वाकणं शिल्लक राहिलं, आणि फोनवर ती "चाललंय की, काही त्रास नाही" म्हणते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

दुसरी अडचण आकाराची. तो आहे ३४ सेंमीचा. डायनिंगच्या खुर्च्यांच्या पायांत शिरत नाही, देवघराच्या चौरंगाखाली जात नाही, आणि खरा केर तिथेच असतो.

म्हणून मी स्वतः एक बनवायचा म्हणतोय. व्यास २५ सेंमी आणि डबा अर्धा लिटर. आता हिशोब बघा. ३४ सेंमी व्यास आणि साडेनऊ सेंमी उंची म्हणजे अख्ख्या यंत्राचं आकारमान साधारण ८.६ लिटर. शाओमीचा २०१६चा पहिला रोबो जवळपास याच मापाचा होता आणि त्यात डबा ०.४२ लिटर, म्हणजे पाच टक्के सुद्धा नाही. २५ सेंमीवर आलो की आकारमान साडेचार लिटर, जवळजवळ निम्मं. आणि त्यात मला अर्धा लिटर हवाय, म्हणजे ११ टक्के. जागा कुठून काढायची? बाकीची ९५ टक्के जागा नक्की कोण खातं?

---

पाना-पक्कड | रविवार, सकाळी ११:०५

चांगला विषय काढलात. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, लोक बिघडलेले रोबो घेऊन येतात, आतापर्यंत पुष्कळ उघडलेत त्यामुळे जागा कोण खातं ते सांगू शकतो.

सगळ्यात जास्त खातात चाकं. चाक दिसतं सात-आठ सेंमीचं पण त्याच्यामागे मोटर, गिअर, स्प्रिंग आणि ते वरखाली हलायला लागणारी मोकळी जागा असा सगळा ठोकळा असतो, दोन बाजूला दोन. त्यानंतर मधला ब्रश आणि त्याचा बोगदा. मग पंखा. पंखा स्वतः मुठीएवढा पण त्याच्याभोवतीचा शंखासारखा भाग आणि हवा बाहेर जायची वाट धरली की दुप्पट. मग बॅटरी, सर्किट, पुढचा बंपर (त्याच्यामागेही हलायला मोकळी जागा लागते), आणि लायडरवाला (लेसरने खोलीचा नकाशा काढणारा) असेल तर वरचा फिरता बुरूज.

बॅटरीत मात्र सहज वाचवता येते. नेहमीच्या ५२०० एमएएचच्या पॅकमधे १८६५० चे ८ सेल असतात, चार सिरीजमधे आणि प्रत्येकाला एक जोडीदार. एक सेल १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, चौकोनी जागा धरली तर आठांचे १६८ सीसी (सीसी म्हणजे मिलीच). त्याऐवजी २१७०० चे पाच हजार एमएएचवाले ४ सेल घेतले तर १२४ सीसीत जवळपास तेवढीच वीज बसते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सीसी फुकट मिळाले. आणि आईंचं घर केवढं आहे? सहाशे-सातशे स्क्वेअर फूट असेल तर एवढी बॅटरी लागतच नाही, १८६५० चे चारच टाका, ८४ सीसीत काम झालं.

दुसरं, लायडर काढून टाका. दोन खोल्यांना नकाशा लागत नाही, जायरोवर (वळण मोजणारा सेन्सर) सरळ रेषेत पुढेमागे केलं तरी भागतं. त्याने वरचं झाकण सपाट मिळेल आणि त्याखालची जागा मोकळी. मोठ्या कंपन्याही निदान वरचा बुरूज टाळतायत, रोबोरॉकचा २०२५चा सारोस १० आर बघा, तो काढून टाकला आणि उंची ७.९८ सेंमीवर आणली.

---

शुभांगी_डों | रविवार, दुपारी २:२०

मला तांत्रिक कळत नाही पण वापरणारीच्या बाजूने लिहिते. डोंबिवलीत आमचा वन बीएचके. आमच्याकडे पुसणारा रोबो आहे, त्यात पाण्याची टाकी आणि केराचा डबा एकाच खोक्यात. म्हणजे पुसायचं तर केराची जागा आपोआप कमी, निम्म्यावर येते. आणि पाण्याजवळ असल्यामुळे केर ओलसर होऊन चिकटून बसतो तो वेगळाच. तुम्ही पुसण्याच्या भानगडीत पडू नका असं मनापासून सांगते, लादी पुसायला बाई येत असतील तर नुसता केर काढू दे यंत्राला.

आणि एक शंका. आजकाल ते स्टँड मिळतात ना, रोबो तिथे गेला की स्टँडच त्याचा केर ओढून पिशवीत भरतो, तसं का नाही घेत? आमच्याकडे ठेवायला जागा नाही म्हणून आम्ही घेतलं नाही, पण सांगलीच्या घरात असेल की.

---

योकोहामाकर | रविवार, दुपारी ४:५०

स्टँडबद्दल मी लिहितो कारण इथे जपानमधे घरं लहान आणि त्यामुळे लहान रोबो हा इथला रोजचा विषय आहे. माझ्याकडे २०२३ पासून स्विचबॉटचा केटेन प्लस आहे. व्यास २४.८ सेंमी, उंची ९.२, म्हणजे कृष्णाकाठ यांना हवा तोच आकार. खुर्च्यांच्या पायांत, पलंगाच्या कोपऱ्यात मस्त जातो. पण त्यातला डबा किती, तर फक्त दीडशे मिली! एक कटिंग चहा आणि वर थोडं. त्यांनी ठरवलंच की साठवण यंत्रात करायची नाही, स्टँडमधे करायची, तिथे चार लिटरची पिशवी, कंपनी ७० दिवस पुरते म्हणते.

याची उलटी बाजू डायसनची. त्यांचा ३६० आय २०१५ मधे आधी जपानमधेच विकायला आला, तोही रुंदीला २३-२४ सेंमी, पण उंची १२ सेंमी. रुंदी वाचवली आणि उंचीत गेले. चक्रीवादळासारखी हवा फिरवून धूळ वेगळी करायची त्यांची पद्धत, तेवढं सगळं आत मावायचं म्हणजे उंची हवीच, आणि तरी डबा ०.३३ लिटर. खूप सुंदर यंत्र होतं, पण आमच्या बुटक्या सोफ्याखाली गेलं नसतं.

तर रुंदी, उंची, साठवण यातलं काहीतरी सोडावंच लागतं. मी स्वतः स्टँडवर खूष आहे. एकच, केर ओढताना दहा-पंधरा सेकंद फार मोठा आवाज होतो, रात्री चालवता येत नाही, भिंती पातळ आहेत.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. शुभांगीताई, स्टँडचा विचार केला होता. दोन कारणांनी नको वाटतं. एक म्हणजे पिशव्या. प्रत्येक मॉडेलची पिशवी वेगळी, संपली की आई ऑनलाइन मागवणार नाही, ती मला सांगणारही नाही, ती सरळ यंत्र बंद करून केरसुणी हातात घेईल. दुसरं म्हणजे आईचे केस लांब आहेत आणि तिची शेजारीण रोज दुपारी येऊन बसते तिचेही. रोबोच्या पोटातून स्टँडमधे जायचं जे भोक असतं ते लहान, तिथे गुंतवळ अडकली की झालं, मग कोण काढणार.

मला यंत्रातच जागा हवी आहे. आणि वाईट वाटून घेऊ नका योकोहामाकर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, स्टँडवाल्यांनी यंत्रातल्या डब्याचा प्रश्न सोडवला नाही तर तो दुसरीकडे नेऊन ठेवला. तुमच्या घराला ते चालतं. आईच्या घराला चालणार नाही.

---

लालमाती | सोमवार, सकाळी ७:३०

मी रत्नागिरीजवळ राहते, जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, अंगण मातीचं, दोन मांजरं. तुमचा सगळा धागा काल रात्री वाचला आणि मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीच्या मागे लागलाय, राग मानू नका.

आमच्याकडे डबा कधीच भरत नाही. तो अर्धा असतानाच यंत्र केर उचलायचं बंद करतं. उघडून बघावं तर डब्यात जागा आहे पण फिल्टरवर तांबड्या मातीचा थर, मैद्यासारखा. फिल्टर झटकला की परत चालू. म्हणजे डबा अर्धा लिटरचा असो की एक लिटरचा, आमच्या घरात तो तेवढाच वापरला जाणार. सांगलीला काळी माती असेल, पुण्यात बांधकामाची सिमेंटची धूळ, पण बारीक धूळ सगळीकडे आहे. परदेशातल्या गालिच्यांच्या घरात लव जास्त असते, आपल्याकडे फरशी आणि उघड्या खिडक्या. आईंना विचारा, डबा काढतात तेव्हा तो खरंच गच्च भरलेला असतो का?

---

शुभांगी_डों | सोमवार, सकाळी ८:१०

+१ लालमाती. आमच्याकडेही हेच. मी दर रविवारी फिल्टर झटकते गॅलरीत.

---

पाना-पक्कड | सोमवार, रात्री १०:३०

लालमाती ताई, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. मी इतके डबे साफ केलेत, नव्वद टक्के वेळा ग्राहक म्हणतो "मोटर गेली, ओढत नाही" आणि मोटर ठणठणीत असते, फिल्टर बसलेला, म्हणजे धुळीने चोंदलेला असतो.

थोडं गणित सांगतो कारण ते डिझाईनला उपयोगी आहे. जाहिरातीत जे १८०० पास्कल, ४००० पास्कल लिहितात तो दाब असतो तोंड पूर्ण बंद करून, म्हणजे हवा वाहतच नाही तेव्हाचा. केर उचलतो तो वाहत्या हवेचा झोत. फिल्टरवर थर बसला की दाबाचा बराचसा भाग त्या थरातून हवा काढण्यातच जातो आणि ब्रशपाशी झोत उरत नाही. आता फिल्टरचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर काय होतं, हवेचा वेग निम्मा होतो आणि तीच धूळ दुप्पट जागेत पसरते म्हणून थरही निम्मा. निम्मा गुणिले निम्मा. म्हणजे फिल्टर तितकाच बसायला चौपट वेळ लागतो. थिअरीत तरी चौपट, प्रत्यक्षात थोडं कमी धरा. डबा दुप्पट करून दुप्पट दिवस मिळतात, फिल्टर दुप्पट करून चौपट. मग साडेचार लिटरातली मौल्यवान जागा कशावर खर्च करायची ते ठरवा.

आणि एक जुनी गोष्ट आठवली. रुंबा २००२ मधे आला, त्याचे सुरुवातीचे आणि नंतरचे ५०० सिरीजचे डबे मी उघडलेत. त्यात दोन कप्पे होते. ब्रश जाडा केर नुसता ढकलून एका कप्प्यात फेकायचा, सुपलीत लोटल्यासारखा, त्याला हवा लागायचीच नाही. पंखा फक्त बारीक धुळीसाठी, त्याचा कप्पा वेगळा आणि फिल्टर तिथे. जाडा केर फिल्टरपर्यंत पोचायचाच नाही. त्याहून पुढे म्हणजे त्याच सिरीजला ते एक मोठा डबा वेगळा विकायचे, कुत्र्या-मांजरांच्या केसांसाठी, त्यात पंख्याची मोटर काढूनच टाकली होती आणि ती सगळी जागा केराला दिली होती. जागेसाठी सक्शन सोडलं, सरळ. आज सगळे पास्कलच्या मागे आहेत म्हणून ही कल्पना मागे पडली पण मला ती फार हुशारीची वाटते.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ११:००

तीन दिवस सांगलीला होतो. आईला न सांगता फक्त निरीक्षण केलं, लालमातींनी विचारलं तसं.

डबा भरलेला असतो, पण कशाने ते बघा. केस, कपड्यांची लव, आणि देवघरातला कापूस. ती रोज वाती वळते, त्याचे तंतू सगळीकडे. हे सगळं डब्याच्या तोंडाशीच फुगून बसतं, मागचा अर्धा डबा रिकामा, आणि फिल्टरवर बारीक धुळीचा थर. म्हणजे दोघी-तिघांचं बरोबर निघालं, डबा भरल्यासारखा दिसतो आणि फिल्टरही बसतो.

मग तो सगळा केर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४०० मिलीचा डबा, केर फक्त २४ ग्रॅम. मुठीत दाबला तर लिंबाएवढा गोळा झाला. एवढ्या जागेत आपण बहुतेक हवाच साठवतोय!

म्हणून आता प्रश्न बदलतोय. डबा मोठा करण्याऐवजी केर लहान करता येईल का? आयरोबोटने २०२५ मधे रुंबा २०५ काढलाय, तो आतल्या आत केर दाबतो, ६० दिवसांचा केर मावतो असा त्यांचा दावा आहे, स्टँड नाही काही नाही. म्हणजे आपण विचार करतोय त्याच वाटेने तेही गेलेत.

---

योकोहामाकर | शुक्रवार, सकाळी ६:४५

दाबायची कल्पना चांगली पण मोटर, स्क्रू, सरकती पट्टी हे सगळं परत जागा खाणार. आणि सरकत्या पट्टीच्या कडेच्या फटीत लालमातींची तांबडी धूळ जाऊन बसली की ती पट्टी अडकणार. लहान यंत्रात हलणारा प्रत्येक भाग म्हणजे पुढची दुरुस्ती.

हवेलाच दाबायला लावा. डब्याच्या आत फिल्टरच्या आधी एक तिरकी जाळी बसवली तर लव जाळीवर येऊन थापली जाईल, हवाच तिला दाबेल. बारीक धूळ जाळीतून पलीकडे जाईल आणि मग फिल्टरला लागेल. जाळी तिरकी अशासाठी की पंखा थांबला की लवेचा थर आपल्या वजनाने खाली पडावा. दर दहा मिनिटांनी पंखा दोन सेकंद बंद करायचा एवढंच प्रोग्रॅममधे टाकायचं.

---

नवशिक्या_९ | शुक्रवार, सकाळी १०:००

अज्ञानातून विचारतो, लहानसं सायक्लोन का नाही टाकत? मग फिल्टर बसणारच नाही ना?

---

पाना-पक्कड | शुक्रवार, दुपारी १:१५

चांगला प्रश्न. सायक्लोनमधे हवा जोरात गोल फिरवून धूळ कडेला फेकायची असते. त्यासाठी दाब खर्च होतो, आणि आपला पंखा बॅटरीवरचा, वीस-तीस वॅटचा. मोठ्या व्हॅक्यूमला ते परवडतं. शिवाय उभा शंकू बसवायला उंची पाहिजे, आपल्याकडे आतून सात सेंमी पण नाही. आडवा करता येतो पण मग गोळा झालेली धूळ परत उडते. माझं मत जाळी आणि मोठा घडीचा फिल्टर, बास.

अजून एक जागा सांगतो. गोल आकार सोडा. पुढची बाजू सपाट आणि मागची अर्धगोल केली, निआटोने २०१० मधे केलं तशी, तर २५ सेंमी रुंदीतच तळाचं क्षेत्रफळ ४९१ चं ५५८ चौ.सेंमी होतं. उंचीने गुणलं तर सहाशे सीसी जास्त! ब्रश पुढे सरकतो आणि मागचा सगळा पोटाचा भाग डब्याला मिळतो.

---

योकोहामाकर | शुक्रवार, दुपारी ३:४०

पण त्याचे कोपरे मध्यापासून १७.७ सेंमीवर जातात. गोल यंत्र खुर्चीच्या पायांत शिरून जागच्या जागी वळू शकतं, हे वळताना कोपरा पायाला लागणार. मग मागे येऊनच बाहेर पडायचं. २५ सेंमीचा सगळा फायदाच जातो. कोपरे बरेच गोल करा, सहाशेतले तीनशे मिळाले तरी पुष्कळ.

---

शुभांगी_डों | शुक्रवार, रात्री ९:५०

मी सकाळपासून विचार करत होते, लिहू का नको. दाबण्यासाठी मोटरच कशाला? चकलीच्या सोऱ्याला दट्ट्या असतो ना, तसा डब्याला वरून दट्ट्या द्या. स्प्रिंगवर वर राहील, दाबला की आतला केर दबेल. आईंनी रोज एकदा वरून दाबायचा. आणि वाकायला नको म्हणून काठीने दाबायचा, उभ्या उभ्या.

---

लालमाती | शुक्रवार, रात्री १०:२०

शुभांगी, किती छान! आणि कृष्णाकाठ, मग डबाही वरूनच काढायचा करा. बादलीला असते तशी कडी द्या त्याला. आमच्याकडे फुलं काढायला आकडी असते, लांब काठीला पुढे वाकडा हूक, तिने कडी धरून उभ्याने उचलता येईल. आईंचं दुखणं वाकण्याचं आहे ना. दर आठवड्याला वाकायचं आणि दर दोन दिवसांनी वाकायचं यात फरक आहे, पण अजिबात न वाकणं यासारखं सुख नाही, माझ्या सासूबाईंचं बघते म्हणून सांगते.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ११:३०

हे वाचून खरंच भरून आलं. आईकडे जास्वंदीसाठी आकडी आहे, दाराच्या मागे उभीच असते! मी एवढे दिवस लिटर आणि सीसी मोजत बसलो. काम सुरू करतो. दोन बंद पडलेले रोबो जुन्या बाजारातून आणलेत, चाकं, पंखा आणि सर्किट त्यातलं, बाकी खोकं थ्रीडी प्रिंट करणार.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी १०:१५ (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण यंत्र तयार झालं आणि सांगलीला तीन आठवडे चालून दाखवलं.

माप असं: रुंदी २५ सेंमी, कोपरे गोल केलेला डी आकार, उंची ९.६. लायडर नाही. बॅटरी १८६५० चे चार सेल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होऊन उरते. डबा ४३० मिली. अर्धा लिटर नाही जमला, सत्तर मिली फिल्टरला दिले आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही, पाना-पक्कड यांचं चौपटीचं गणित प्रत्यक्षात तिपटीच्या आसपास आलं, म्हणजे जुन्यात फिल्टर जितक्या दिवसांनी झटकावा लागायचा त्याच्या तिप्पट दिवसांनी आता लागतो.

अडचणी बऱ्याच आल्या, त्या लिहितो म्हणजे कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल. पहिला डबा साध्या प्लॅस्टिकमधे प्रिंट केला तर स्थिर विजेने धूळ भिंतींना इतकी चिकटायची की उलटा केला तरी निघेना. प्रिंटच्या बारीक रेघांतही धूळ बसते. शेवटी आतून घासून गुळगुळीत केला आणि वर पातळ लॅकरचा हात दिला, आता सुटते. दुसरं, वरून डबा काढायचा म्हणजे डब्याच्या तळाशी हवेचं तोंड येतं, तिथलं रबर नीट बसलं नाही तर सगळं सक्शन तिथूनच गळतं. चार वेळा ती खाच बदलली. शेवटी डब्याच्या वजनाने नाही तर दट्ट्याच्या स्प्रिंगच्याच जोराने डबा खाली दाबून राहील असं केलं, झाकण बंद झालं की स्प्रिंग डब्याला रबरावर दाबते. एका स्प्रिंगने दोन कामं.

तिसरं म्हणजे दट्ट्या. शुभांगीताई, तुमची कल्पना पहिल्या दिवशी फसली. केर दाबला की दबायचा आणि सोडला की परत फुगायचा, कापूसच तो. मग डब्याच्या आतल्या भिंतीला खाली वाकलेले बारीक दात दिले, माशाच्या गळाला उलटा काटा असतो तसे. खाली गेलेली लव वर येत नाही. तेव्हापासून चालतंय. दबतात फक्त केस आणि लव, बारीक धूळ दबत नाही, त्यामुळे लालमाती, तुमच्या घरी दट्ट्याचा फारसा फायदा नाही, तुम्हाला फिल्टरच मोठा लागेल.

जाड्या केरासाठी रुंबाच्या जुन्या डब्याची नक्कल केली, ब्रशच्या मागे लगेच एक उथळ कप्पा. तांदळाचे दाणे, फुलांच्या पाकळ्या, लसणाची फोलपटं तिथेच पडतात, जाळीपर्यंत जात नाहीत. आईने आवर्जून सांगितलं की अक्षता आता वेगळ्या सापडतात.

आधी दर दोन दिवसांनी डबा काढावा लागायचा, आता आठव्या दिवशी. रोज दुपारी जेवण झालं की ती काठीच्या बोथट टोकाने एकदा दट्ट्या दाबते, रविवारी आकडीने डबा उचलते, ओट्यावर ठेवते आणि वर्तमानपत्रावर उलटा करते. खाली एकदाही वाकत नाही.

---

शुभांगी_डों | रविवार, सकाळी १०:४०

माशाच्या गळाचे दात!! किती दिवस वाट बघत होते या अपडेटची. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

पाना-पक्कड | रविवार, दुपारी १२:००

मनापासून अभिनंदन. एका स्प्रिंगची दोन कामं हे मी लक्षात ठेवणार. एक विचारतो, डबा भरल्याचं कळायला काय केलंय? इन्फ्रारेडचा डोळा लावला असेल तर त्याच्या काचेवर धूळ बसून रोज खोटा इशारा देईल.

---

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १२:३५

आधी तेच लावलं होतं आणि तेच झालं. काढून टाकलं. आता दट्ट्याच्या दांड्यावर लाल रेघ आहे. दाबल्यावर रेघ आत गेली तर जागा आहे, बाहेर दिसत राहिली तर डबा काढायचा. चष्म्याशिवाय उभ्याने दिसावी म्हणून चांगली बोटभर जाड केलीय.

---

लालमाती | रविवार, दुपारी ४:१०

माझ्यासाठी फिल्टरवाला करून बघणार असाल तर मी मातीचा नमुना पाठवते, खरंच. आणि ती जाळी कसली वापरली ते सांगा, किती बारीक?

---

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:००

नक्की पाठवा, एक बरणीभर पुरे, वाळवून. जाळी बाजारातल्या स्टीलच्या चहाच्या गाळणीची आहे, मोठी गाळणी घेऊन कात्रीने कापली. त्याहून बारीक, पिठाच्या चाळणीची लावून पाहिली होती तर दुसऱ्या दिवशी धुळीने भरली. गाळणीची कड मात्र दुमडून घ्या, नाहीतर केस तिथेच अडकतात आणि लव खाली पडत नाही.